पोथन अच्चायनांची रबराची प्रतवारी

पोथन अच्चायन उद्या पहाटे चार वाजता चर्चच्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसून वेलांकनीच्या यात्रेला निघणार आहेत, आणि त्यांच्याच हातच्या आठ रबरी वाट्या त्या बसच्या ब्रेकमध्ये आहेत, ही गोष्ट काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. मागच्या सीटांवर गायनवृंदातल्या चौदा मुली असतील. त्यांतली एक माझी लिया. ती बॅग भरून, दोन वेळा उपसून, पुन्हा भरून झोपली आहे. सकाळी आठच्या सुमाराला बस कुमिलीचा घाट उतरायला लागेल. त्या वाट्या तोपर्यंत दगा देतील की नाही हे मला नक्की सांगता येत नाही, पण त्याच साच्यातली एक वाटी फुगली आहे हे मी आज मोजून पाहिलं आहे. आणि तरीही मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती अच्चायनांना तसं सांगायची. लाज वाटते, पण खरं तेच आहे.

वयाने आणि आवाजाने मोठे म्हणून ते सगळ्या गावाचे अच्चायन. त्रेसष्ट वर्षांचे. घरामागच्या उतारावर चार एकर रबराची बाग आणि बागेच्या पायथ्याशी पत्र्याची शेड. शेडमध्ये दोन तापत्या प्रेस. त्यांतून वॉशर, बुश, मोटारीखाली बसवायचे ठोकळे, गोठ्यातल्या चटया असलं काय काय निघतं. सकाळी पेपर आला की ते आधी चार नंबरच्या रबर शीटचा भाव वाचतात, मग निधनवार्ता, आणि दोन्हींकडे सारख्याच गांभीर्याने बघून मान हलवतात.

आमच्या या पाला शहराच्या बाजूला सगळं जग या शीटवर शिकलेलं आहे. झाडाचा चीक गोठवायचा, लाटायचा, धुरात वाळवायचा. मग व्यापारी ती पिवळी शीट उजेडासमोर धरतो आणि तिला एक ते पाच नंबर देतो. बुडबुडा दिसला, एक पायरी खाली. डाग दिसला, आणखी एक. ही सवय इथल्या माणसांच्या हाडात मुरली आहे. जावई, डॉक्टर, पाद्री, बाजारातला करीमीन मासा, सगळं उजेडासमोर धरून बघतात. माझं लग्न होऊन मी इथे आले तेव्हा मलाही धरलं होतं. रसायनशास्त्राची एम.एस्सी. म्हणून एक नंबर, मीनकरीत, म्हणजे माशाच्या कालवणात, कोकम कमी पडलं म्हणून तीन.

अच्चायनांनी जगातली सगळी रबरं याच शिडीवर बसवली होती. वरच्या पायरीवर झाडाचं रबर, तेही शक्यतो त्यांच्या झाडाचं. खाली बाकीची.

मला कॉलेजात नोकरी लागली त्या वर्षी त्यांनी कुंपणावरूनच माझी परीक्षा घेतली होती.

"टीचर, तुमच्या पुस्तकात रबरं किती?"

"धंद्यात चालणारी धरली तर वीस-पंचवीस प्रकार असतील, अच्चायन."

"आणि त्यांतली झाडाला किती लागतात?"

"एक."

"मग झालं तर! बाकीची सगळी दत्तक."

यावर त्रेस्याचेची, म्हणजे त्यांची बायको, ओसरीवर कप्पचे कंद सोलता सोलता म्हणाली होती, "यांच्या चुलत्याने दत्तक पोरगा घेतला, तोच आज म्हातारपणी त्यांना बघतोय. सख्खे दोघं कॅनडात."

"तू कप्प सोल," अच्चायन म्हणाले.

एक सांगायला हवं. झाडाच्या रबराबद्दल त्यांचं म्हणणं अर्धं खरं होतं. ओढलं की ताणायचं आणि सोडलं की पुन्हा जागेवर यायचं, हे त्याच्याइतकं कुणाला जमत नाही. हादरे पचवायचे असतील, पुलाच्या तुळईखाली ठोकळे घालायचे असतील, ट्रकचं टायर करायचं असेल, तर तेच. अच्चायनांच्या चटईवर आमची गाय सहा वर्षं उभी आहे, चटई जशीच्या तशी आहे. गाय म्हातारी झाली.

पण तेलापुढे ते रबर विरघळल्यासारखं होतं, आणि हे अच्चायनांना कुणी सांगायला जायचं नाही. आमच्याकडे वडीलधाऱ्याची चूक दाखवायची पद्धत अशी: मान डोलवायची, "असेल असेल" म्हणायचं आणि घरी येऊन हसायचं.

तीन वर्षांपूर्वीच्या पेरुन्नाळला, म्हणजे आमच्या चर्चच्या सणाला, याचा निकाल लागला. जनरेटरची डिझेलची नळी जुनी झाली होती. मेकॅनिक प्रसन्नन म्हणाला, बाजारातून आणतो. अच्चायन म्हणाले, चर्चचं काम आणि बाजारातून? त्यांनी आपल्या वडिलांनी लावलेल्या झाडाचा चीक वेगळा काढून नळी करून दिली. पहिले दोन दिवस जनरेटर छान चालला. तिसऱ्या संध्याकाळी संताची मूर्ती खांद्यावर घेऊन मिरवणूक निघाली, चारशे रेशमी छत्र्या, दोन बँड, आणि नेमकी मूर्ती बाजारपेठेत आली तेव्हा सगळ्या माळा एकदम विझल्या. बँडवाले थोडा वेळ अंधारात वाजवत राहिले, मग एकेक करून थांबले. शेवटी फक्त एक ढोल राहिला होता.

प्रसन्ननने नळी ओढून काढली. ती जास्त पिकलेल्या नेंद्र केळ्यासारखी मऊ आणि जाड झाली होती, आतलं भोक बंद. त्याने ती टॉर्चच्या उजेडात धरली. वाईट हेतूने नाही, त्याला दिसत नव्हतं म्हणून. पण आमच्याकडे रबर उजेडासमोर धरणं म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"किती नंबर देतोस रे, प्रसन्नन?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"अच्चायनांच्या झाडाला डिझेल चढलं!" दुसरा.

लोक हसले. मीही हसले, अंधार होता म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून शेड बंद. अच्चायन चहाच्या दुकानात जाईनात. रविवारी पहिल्या बाकावरून उठून शेवटच्या बाकावर, खांबामागे बसायला लागले. तीन आठवड्यांनी त्रेस्याचेची माझ्याकडे आली. "टीचर, काल कप्प आणि मीनकरी ठेवली पुढे. नुसते बघत बसले. कप्पकडे! चाळीस वर्षांत असं झालं नाही. तुम्ही शिकलेल्या आहात, काहीतरी सांगा त्यांना."

मी दोन बाटल्या घेऊन गेले. दोन्हींत डिझेल. एकीत त्यांच्या रबराचा तुकडा, दुसरीत कोचीहून मागवलेल्या नायट्राइलचा. बाटल्या त्यांच्या खिडकीत ठेवल्या आणि म्हटलं, तीन दिवसांनी येते.

तीन दिवसांनी पहिल्या बाटलीतला तुकडा फुगून दुप्पट झाला होता. दुसरीतला होता तसाच. अच्चायन त्या बाटलीपुढे खुर्ची टाकून बसले होते.

"हा कुणाच्या बागेतला?" ते हळूच म्हणाले.

"बागेतला नाही. कारखान्यातला. नायट्राइल म्हणतात. डिझेल, पेट्रोल, इंजिनचं तेल, काही होत नाही याला."

"म्हणजे हा खरा एक नंबर."

"नंबर नाही हो, अच्चायन. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. ऊन, पाऊस, वाफ असेल तिथे ईपीडीएम घ्यायचं, ते वर्षानुवर्षं छपरावर पडून राहील, पण त्याला तेल लागू द्यायचं नाही. सिलिकॉन कितीही तापलं तरी गप्प बसतं, म्हणून ओव्हनच्या दाराला चालतं, पण नखाने फाटतं. निओप्रीन सगळ्याला थोडं थोडं पुरतं."

"आपल्या पंचायत मेंबरसारखं."

"तसंच समजा. आणि नायट्राइलसुद्धा..."

इथे मला परीक्षेच्या पेपर तपासणीला जायचं होतं. बाहेर रिक्षा उभी होती. नायट्राइलला काय सोसत नाही ते उद्या सांगते, असं म्हणून मी निघाले. तपासणी अकरा दिवस चालली. तो उद्या काही आला नाही. मला वाटलं होतं की माणूस जेवायला लागला, आपलं काम झालं.

अच्चायन जेवायला लागलेच. शेडही उघडली. धर्मांतर केलेल्या माणसाचा जो उत्साह असतो तो नव्याने सांगायला नको. स्वतःच्या बागेत रोज पहाटे झाडं चिरून चीक काढायचा, व्यापाऱ्याला विकायचा आणि त्या पैशात कोचीहून नायट्राइलच्या लाद्या आणायच्या. ज्या वॉशरला ते कधी "आमच्या आप्पनच्या झाडाचा" म्हणायचे त्याच्याकडे आता तुच्छतेने बघायचे. "झाडाचं? ठीक आहे. गोठ्यासाठी."

चहाच्या दुकानात त्यांची जुनी जागा परत मिळाली. तिथे बसून ते माणसांचीही नवी प्रतवारी करायला लागले. आखातातून आलेला औसेप्पचा मुलगा सिलिकॉन: तापतो खूप, पण बायकोने नख लावलं की फाटतो. बँकेचा मॅनेजर नायट्राइल: कितीही तेल लावा, काही फरक पडत नाही. गिऱ्हाइकं हसायची, आणि अच्चायन आता स्वतः हसवत होते, त्यामुळे सगळं ठीक चाललं होतं.

पाण्याच्या टाकीवरचं त्यांचं नायट्राइलचं झाकण उन्हात दहा महिन्यांत भेगाळलं. "गंधक जास्त पडलं," ते म्हणाले. मी म्हटलं, "असेल असेल." घरी येऊन नवऱ्याला सांगितलं आणि दोघं हसलो. तेव्हा नुसती टाकी होती.

मग बस आली. चर्चची चोवीस सीटांची बस जुनी आहे, तिच्या ब्रेकचं रबरी किट आता बाजारात मिळत नाही. प्रसन्ननने सांगितलं, कोइम्बतूरला चौकशी करतो, महिना लागेल. वेलांकनीची तारीख ठरलेली होती. अच्चायन उभे राहिले. "चर्चने मला एकदा माफ केलंय. ही आठ वाट्यांची सेवा माझी."

आमच्या चर्चमध्ये काहीही दिलं की त्यावर नाव घालायची पद्धत आहे. पंख्याच्या पात्यांवर नावं आहेत, ट्यूबलाइटवर आहेत, बायकांच्या बाजूच्या चपलांच्या फळीवर सुद्धा एका मयत आजीचं नाव आहे. ब्रेकच्या आतल्या वाटीवर नाव घालून कुणाला दिसणार? म्हणून अच्चायनांनी आपल्या वडिलांच्या नावाची पितळेची पाटी करून ड्रायव्हरसमोर लावली: "कै. इट्टी पोथन, कल्लुवेलिल, यांच्या स्मरणार्थ ब्रेक." बसमध्ये चढणारा प्रत्येक जण ती वाचतो आणि नकळत क्रूसाची खूण करतो. फादरनी मिस्सानंतर जाहीर केलं, "आजपासून आपली बस पोथनच्या भरवशावर थांबेल." सगळे हसले आणि टाळ्या झाल्या. अच्चायन त्या दिवशी पुन्हा पहिल्या बाकावर बसले होते.

बाहेर आल्यावर त्यांनी माझ्या हातात एक वाटी ठेवली. साच्यातून जास्तीची निघालेली, अंगठ्याएवढी, काळी, गुळगुळीत, कड इतकी सुबक की कारखान्यालाही जमणार नाही. "कॉलेजात दाखव. म्हणावं, माझ्या विद्यार्थ्याने केलीय."

"कशाची आहे, अच्चायन?"

"कशाची म्हणजे? एक नंबरची. डिझेलला जी हरली नाही ती ब्रेकच्या फ्लुइडला हरणार का? कोल्हा मारलेल्या कुत्र्याने मांजराला घाबरायचं?"

नायट्राइल. आणि ब्रेक फ्लुइड ही नेमकी अशी जागा की तिथे नायट्राइल घालू नये असं पहिल्या वर्षाच्या पुस्तकातही लिहिलेलं असतं. तिथे ईपीडीएम लागतं, जे तेलाला भितं पण ब्रेक फ्लुइडमध्ये आयुष्य काढतं. इथे कुणी मोठा नाही, कुणी लहान नाही. ज्याचा त्याचा वैरी वेगळा. पण शिडीवर वाढलेल्या माणसाला हे कसं दिसावं? तो वरच्या पायरीवरचा घेणार, आणि खालच्यांना तो आपोआप भारी पडेल असं समजणार. निवडणुकीत आम्ही याच हिशेबाने मतं देतो.

तरी तिथे, चर्चच्या पायरीवर, टाळ्या नुकत्याच थांबलेल्या असताना, मी काय म्हणाले? "छान झालीय." म्हणाले. मनाशी ठरवलं, आधी खात्री करू. शास्त्र शिकवणाऱ्यांना भित्रेपणासाठी हा एक चांगला शब्द मिळालेला आहे, खात्री.

ती वाटी मी प्रयोगशाळेत ब्रेक फ्लुइडच्या बाटलीत टाकली आणि उबदार पेटीत ठेवली. टाकताना मोजली होती, साडेअठ्ठावीस मिलिमीटर. आज बारावा दिवस. काढून पुसली, मोजली. एकतीसच्या वर. कड लोण्यासारखी मऊ, नखाचा ठसा उमटला. लोखंडी नळकांड्यात जी वाटी पुढे-मागे सरकायला हवी ती एवढी फुगली तर अडकणार. मग चाक धरून ठेवेल आणि तापेल, नाहीतर कड निसटून सगळा फ्लुइड रस्त्यावर. दोन्हींपैकी काय आधी, ते घाट ठरवेल.

कॉलेजातून थेट प्रसन्ननच्या गॅरेजवर गेले.

"प्रसन्नन, बसचे ब्रेक कसे आहेत?"

त्याने पाना खाली ठेवला, हात पुसले, इकडे तिकडे बघितलं. "टीचर, परवा पालाला जाऊन आलो. पेडल जरा आळसावून परत येतंय. मागचं उजवं चाक तापलं होतं."

"मग फादरना सांगितलं?"

"सांगितलं. ते म्हणाले, पोथनना विचार."

"आणि अच्चायनांना?"

"विचारलं. ते म्हणाले, नवीन रबर आहे, बसेल हळूहळू." त्याने खांदे उडवले. "मी एकदा त्यांची नळी उजेडात धरली होती, टीचर. माझ्या बापाचे दोस्त आहेत ते. वर्षभर माझ्या आईशी त्रेस्याचेची बोलली नाही. पुन्हा नाही धरणार मी."

"वाट्या बदलायला किती वेळ लागेल?"

"कोइम्बतूरचं किट कालच आलंय. चार चाकं, तीन तास. पण कुणी म्हणायला हवं ना."

तिथून मी अच्चायनांच्या घरी गेले. मनाशी वाक्य तयार होतं. पर्समध्ये फुगलेली वाटी कागदात गुंडाळलेली. अच्चायन ओसरीवर बसून प्रवासाच्या डब्यात अच्चप्पमच्या कुरकुरीत तळलेल्या चक्र्या रचत होते, मुली वाटेत खातील म्हणून. एकेक चक्री मोडू नये अशी हळू हातांनी ठेवत होते.

"मोळे, ये," ते म्हणाले. एरवी ते मला टीचर म्हणतात, पोरीसारखं मोळे क्वचित. "तुझी लिया माझ्या मागच्या सीटवर बसणार आहे, मी सांगून ठेवलंय. वळणावर तिला उलटी होते ना? मधली सीट दिलीय."

"अच्चायन, मला जरा त्या वाट्यांबद्दल..."

"त्याच वाट्या!" त्यांनी डब्यावर झाकण ठेवलं. "चंगनाश्शेरीचा एक जीपवाला आला होता. तीस सेट मागतोय. मी म्हटलं, वेलांकनीहून येऊ दे, मातेचे आभार मानू दे, मग बघू. तीन वर्षांपूर्वी, मोळे, मी ती शेड विकायला काढली होती. त्रेस्याला माहीत नाही. तू दोन बाटल्या घेऊन आलीस म्हणून राहिली."

त्रेस्याचेचीने चहा आणला. मी प्यायले. वाटी पर्समध्येच राहिली. निघताना अच्चायनांनी लियासाठी वेगळी पिशवी दिली. मी म्हटलं, "नीट जाऊन या." एवढं बोलून आले मी. एम.एस्सी., फर्स्ट क्लास.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "प्रसन्ननला फोन कर, पैसे आपण देऊ, गुपचूप बदलून टाकेल. अच्चायनांना कळणारही नाही." ऐकायला किती सोयीचं आहे. आमच्या गावात सगळ्या चुका अशाच दुरुस्त होतात, करणाऱ्याला न कळता, आणि म्हणून त्या पुन्हा होतात. बस वाचेल. अच्चायन परत येतील, मातेचे आभार मानतील आणि चंगनाश्शेरीच्या जीपांना तीस सेट देतील. त्या जीपा वागमणच्या उतारावर चालतात. त्यांत माझी लिया नसेल, कुणाची तरी असेल.

लियाला उद्या ताप आला म्हणून घरी ठेवायचं, हाही विचार येऊन गेला. आला होता, हे लिहून ठेवते. मग उरलेल्या तेरा मुलींच्या आया एकेक करून डोळ्यांपुढे आल्या. त्यांतल्या दोघींना मी शिकवलं आहे.

फादरना फोन केला तर ते बस थांबवतील, रविवारी वेदीवरून प्रेमाने कारणही सांगतील, आणि पोथन अच्चायन पुन्हा खांबामागच्या बाकावर जातील ते कायमचे. हे त्यांना त्यांच्याच घरात, माझ्याच तोंडून कळायला हवं. वाटी त्यांच्या हातात द्यायची. मोजपट्टी द्यायची. आणि सांगायचं की तुमचा हात एक नंबरचा आहे, साचा एक नंबरचा आहे, रबर चुकीचं आहे आणि ते चुकीचं निवडण्यात माझा वाटा आहे. ते रागावतील. कदाचित या कुंपणावरून ते माझ्याशी पुन्हा कधी बोलणार नाहीत. पण ईपीडीएमच्या वाट्या ते त्याच रागात, कुणाहीपेक्षा चांगल्या काढतील, एवढं मी त्यांना ओळखते.

साडेअकरा झालेत. प्रसन्ननला तीन तास लागतील, तो जागाच असणार, पाना हातात घेऊन कुणीतरी म्हणायची वाट बघत. आधी फोन अच्चायनांना, मग वाटी घेऊन कुंपणापलीकडे. एवढ्या रात्री घंटा वाजली की त्रेस्याचेची दचकून उठेल आणि "हॅलो" न म्हणता विचारेल, "कोण गेलं?"

मी म्हणणार आहे, "अजून कुणी नाही, चेची. अच्चायनांना उठवा."